वेग भरपूर, तरी आवाज का तुटतो?

प्रश्न : घरी 50 एमबीपीएसचं ब्रॉडबँड आहे. सिनेमा न अडकता चालतो. पण पुण्यातल्या मुलाला व्हॉट्सॲप कॉलवर कापसाचा भाव सांगितला, तर 'सात हजार दोनशे'तले 'दोनशे' गायब होतात. असं का?
— एक वाचक, मानवत

उत्तर : दोष बहुधा वेगाचा नाही. बोलण्याला वेग लागतोच किती? टेलिफोनीतल्या जुन्या जी.711 पद्धतीतही आवाजाला सेकंदाला 64 किलोबिट पुरतात.

इंटरनेटवर आवाज साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी जातो. पोचायला लागणारा वेळ ती लेटन्सी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मते एका दिशेने 150 मिलिसेकंदांपर्यंत ती खपून जाते. तुकडे कधी लवकर, कधी उशिरा येऊ लागले की तो जिटर. वाटेतच हरवले तर पॅकेट लॉस, आणि ते 'दोनशे' तिथेच गेले असावेत. सिनेमा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो. मुलगा पुढे काय बोलणार, हे राउटरला थोडंच ठाऊक असतं!

4जी मोबाइलवरचा साधा फोन, म्हणजे व्होल्टे कॉलही पॅकेटांतूनच जातो, पण मोबाइल कंपनी तिच्या नेटवर्कवर त्याला अग्रक्रम देते.

वाचकाने एकदा राउटरशेजारी बसून कॉल करावा. आवाज सुधारला तर गडबड घरातल्या वायफायची. नाही सुधारला, तर स्पीड टेस्टमधले पिंग (म्हणजे जाऊन-येऊनची लेटन्सी) आणि जिटरचे आकडे घेऊन सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी.