शोधनिबंध तपासायला कुठे शिकतात?

प्रश्न : आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळ्याला ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहतेय. माझी मुलगी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते. तिच्या गाईडकडे इतरांचे शोधनिबंध तपासायला येतात. तरुण संशोधकांना हे काम कोण शिकवतं?
– एक वाचक, वसमत

उत्तर : बहुतेक ठिकाणी कुणीच शिकवत नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

या कामाचं मोल दाखवणारा किस्सा दुधाळ्यात ज्यांचा वेध घेतला जाणार आहे, त्या गुरुत्वीय लहरींचाच आहे. 1936 साली आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे निबंध पाठवला. निष्कर्ष होता, अशा लहरी अस्तित्वातच नाहीत! संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे धाडला, परीक्षकाने चूक दाखवली. आपल्याला न विचारता निबंध दुसऱ्याला दाखवला म्हणून आइनस्टाइन संतापले आणि त्यांनी तो परत घेतला. पुढे त्यांनाही चूक उमगली. 1937 साली निबंध दुसऱ्या नियतकालिकात आला तो निष्कर्ष बदलूनच. ते परीक्षक म्हणजे एच. पी. रॉबर्टसन, तेव्हा अवघे 33 वर्षांचे. त्यांचं नाव जुन्या नोंदवहीतून 2005 साली उजेडात आलं. 2016 साली या लहरी सापडल्याचा निबंध त्याच परिवारातल्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ने छापला.

आइनस्टाइनची चूक दाखवायला धाडस लागतंच; त्याहून जास्त लागते नजर. ती अनुभवी माणसाशेजारी बसून तपासल्यानेच येते. आपल्याकडे काय होतं? गाईड निबंध विद्यार्थ्याकडे सरकवतात, तो अहवाल लिहितो आणि तो गाईडच्या नावाने जातो. हे अन्यायाचं आहेच, शिवाय नियमबाह्यही. अप्रकाशित निबंध गोपनीय असतो, संपादकाच्या परवानगीशिवाय तो तिसऱ्याला दाखवता येत नाही.

सरळ मार्ग असा : गाईडने संपादकाला आधी विचारावं. अनेक नियतकालिकं सहपरीक्षकाचं नाव नोंदवून घेतात. मग मुलीने गाईडचं मत न ऐकता स्वतःचा अहवाल लिहावा आणि नंतर दोघांनी ते ताडून पाहावेत. निर्णयानंतर काही नियतकालिकं बाकीच्या परीक्षकांचे अहवालही पाठवतात. ते जरूर वाचावेत. आपल्या नजरेतून काय निसटलं, हे तिथे कळतं. संपादकाची अडचणही तिथेच समजते : एक परीक्षक छापा म्हणतो, दुसरा नको म्हणतो, तेव्हा निर्णय कुणाच्या बळावर घ्यायचा?

‘लायगो’सारख्या मोठ्या गटांत निबंध बाहेर जाण्याआधी सहकाऱ्यांकडून कसून तपासला जातो. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये ‘लायगो-इंडिया’ला 2600 कोटी रुपये मंजूर केले. यंत्रं येतील तेव्हा मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनाही या तपासणीत बसता यावं, याची तयारी विद्यापीठांनी आतापासून करायला हवी.

मुलीला सांगा, पुढचा निबंध तपासायला येईल तेव्हा गाईडना आपणहून विचार : ‘सर, संपादकांना माझं नाव कळवाल का?’