जैवअभियांत्रिकी शिक्षण : जिल्ह्याच्या गरजांतून आखणी

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेमागे पुरुषभर वाढलेली कपाशी, अंगावर येणारा फवारा, संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे होती. कृषी, वैद्यक व अभियांत्रिकी यांपैकी कोणत्याही एका शास्त्राला एकट्याने तिचे उत्तर देता येणार नाही. अशा प्रश्नांसाठीच जैवअभियांत्रिकी ही आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा उपयुक्त ठरते.

शास्त्रांचा संगम

सजीवांच्या शरीराचे व्यवहार जाणून घेऊन त्यांना उपयुक्त साधने घडविणे, हे या शाखेचे कार्य होय. ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराचे कार्य रोखतात. परिणामी लाळ व घाम वाढतो, स्नायू दुर्बल होतात आणि श्वास कोंडतो. या विकराची रक्तातील पातळी गावपातळीवर मोजणारे स्वस्त उपकरण तयार करावयाचे, तर डॉक्टर, जीवरसायनतज्ज्ञ व इलेक्ट्रॉनिक्स अभियंता यांनी एकत्र बसले पाहिजे. विदर्भातील खरीप हंगामाच्या दमट उष्म्यात अंगावर सहन होईल असा संरक्षक पोशाख बनविण्यासाठी वस्त्रतंत्रज्ञाचीही जोड हवी.

पवईचा अनुभव

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जैवतंत्रज्ञान व जैववैद्यकीय अभियांत्रिकी हे पूर्वीचे दोन स्वतंत्र घटक आज एकाच विभागात नांदत आहेत. तेथेच २०१४ मध्ये राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरण-निर्मिती केंद्र सुरू झाले. डॉक्टरांनी मांडलेल्या अडचणींवर अभियंते व रचनाकार तेथे काम करतात. पुढे नागपूर व पुणे येथील अभियांत्रिकी संस्थाही या कार्यात सहभागी झाल्या.

यवतमाळची अनुकूलता

यवतमाळ येथे १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयही तेथेच आहे. यवतमाळ व पुसद येथे अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे. तथापि वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या, कृषी शिक्षण अकोल्याच्या आणि अभियांत्रिकी शिक्षण अमरावतीच्या विद्यापीठाशी निगडित आहे. म्हणून इमारतीपूर्वी या तीन विद्यापीठांमधील सामंजस्य करार आवश्यक ठरतो.

वाढीचे टप्पे

पहिल्या टप्प्यात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना संयुक्त प्रकल्प द्यावेत आणि प्रत्येक प्रकल्पास दोन विद्याशाखांचे मार्गदर्शक असावेत. दुसऱ्या टप्प्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील श्रेयांक-हस्तांतरणाचा लाभ घेऊन प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावा. हे काम स्थिरावल्यानंतरच पदव्युत्तर वर्गाचा विचार व्हावा. दोन विभागांत शिकविणाऱ्या अध्यापकाचा कार्यभार व पदोन्नती कोठे गणली जाईल, हे प्रारंभीच निश्चित केले पाहिजे. अन्यथा असा अध्यापक कोणत्याच विभागाचा राहत नाही आणि उत्तम योजनाही खुंटते.

ग्रामपंचायतींनीही यात सहभागी व्हावे. गावातील अडचणी ग्रामसभेत नोंदवून त्या महाविद्यालयांकडे पाठवाव्यात, तयार झालेली साधने शेतावर व आरोग्य उपकेंद्रात वापरून पाहावीत आणि त्यांतील उणिवा निःसंकोचपणे कळवाव्यात. पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरणारा मजूर सायंकाळी सुखरूप घरी परतला, तर या शिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.