लोकेशन मागण्याआधी

अलिबाग ते श्रीवर्धन या पट्ट्यात मच्छीमार आणि वाडीवाल्यांसाठी मोबाइल ॲप बनवण्याचं काम गेली काही वर्षं करतोय. हवामान असो, मासळीचे पट्टे असोत की पीकनोंद, घोडं एकाच जागी अडतं : ‘लोकेशन ऑन करा’. त्याबद्दलचे हे अनुभवाचे बोल.

१. ॲप उघडल्या उघडल्या लोकेशन मागू नका. समोरच्याने अजून आत काय आहे तेही पाहिलेलं नसतं, उत्तर ‘नाही’च येणार. आणि हे ‘नाही’ महागात पडतं. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार मिळाला की ॲपला तो प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. आयफोनवर तर पहिल्याच नकारानंतर विषय संपतो. माणूस वाऱ्याचा अंदाज बघायला बटण दाबेल, तेव्हा विचारा.

२. फोनचं लोकेशन बंद असणं वेगळं आणि ॲपला परवानगी नसणं वेगळं. पुष्कळ ॲप दोन्हींना एकच पाटी दाखवतात. मग लोक वरचा पडदा खाली ओढून आपल्यालाच दाखवतात, “हे बघा, चालूच आहे की!” खरंच चालू असतं. नेमकं काय अडलंय ते ॲपने तपासावं आणि तेवढंच मागावं. अँड्रॉइडवर फोनचं लोकेशन ॲपमधून बाहेर न पडता एका टिचकीत चालू करून घेता येतं, त्यासाठी कुणाला सेटिंग्जमध्ये फिरवायची गरज नाही.

३. सगळ्यात पक्का नकार तांडेलाचा, म्हणजे नावेच्या म्होरक्याचा, आणि तो अडाणीपणातून येत नाही. मासा कुठे लागतो, जाळं कुठे खडकात फाटतं, बुडालेलं जहाज कुठे पडलंय, ही माहिती घराबाहेर जात नाही. नावेवरच्या जीपीएसमध्ये त्या खुणा साठवलेल्या असतात. परका माणूस केबिनमध्ये शिरला की त्या पडद्यावर टॉवेल पडतो. एका तांडेलाने मला सरळ विचारलं, “माझी नाव कुठं उभी हाय, ते तुमच्या ॲपला कशाला पायजे?”

‘अधिक चांगल्या सेवेसाठी’ हे त्याचं उत्तर नव्हे. ‘तुम्ही आहात तिथला वारा आणि लाटा दाखवायला. तुमची जागा या फोनबाहेर जात नाही,’ हे उत्तर आहे. फक्त ते खरं असायला हवं. खरं करायला खटपट पडते. आख्ख्या किनाऱ्याचा अंदाज बंदरात असतानाच फोनवर उतरवून घ्यायचा आणि जुळणी फोनमध्येच करायची. खोल समुद्रात नेटवर्क नसतं, त्यामुळे हे नाहीतरी करावंच लागतं. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, उपग्रह पुरतात.

४. लोकेशनशिवाय भागत असेल तर मागूच नका. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांनी टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळीचे संभाव्य पट्टे सांगते, तेही बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली देऊन. मग रेवस, थळ, वरसोली, रेवदंडा, एकदरा, जीवना अशी यादी समोर ठेवली की झालं. विजेचा इशारा देणाऱ्या ‘दामिनी’ ॲपची गोष्ट वेगळी, तिथे माणूस नेमका कुठे उभा आहे हाच मुद्दा आहे.

५. ई-पीक पाहणीतही पर्याय नसतो. २०२१ पासून राज्यात शेतकरी स्वतः पिकाचा फोटो घेऊन नोंद करतो आणि तो शेतातूनच घ्यावा लागतो. अँड्रॉइड १२ पासून ‘अंदाजे’ लोकेशन देण्याची सोय आहे. वाऱ्याला ते पुरतं, पण चार-पाच गुंठ्यांच्या तुकड्याला त्याचा काही उपयोग नाही. त्यात नागाव-चौलच्या वाड्या! माड-पोफळींच्या दाटीत सिग्नल क्षीण होतो आणि ठिपका शेजाऱ्याच्या हद्दीत उडी मारतो. (हद्दीचे वाद आमच्याकडे आधीच कमी नाहीत.) अशा वेळी नुसतं गोल चक्र फिरवत ठेवण्यापेक्षा ‘मोकळ्या आभाळाखाली येऊन जरा थांबा’ असं लिहावं. इंटरनेट नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं जातात, हेही सांगून टाकावं.

६. ‘नेहमी परवानगी द्या’ हे मागणं जवळजवळ कधीच रास्त नसतं. बॅटरी उतरते आणि विश्वासही. ‘ॲप वापरताना’ एवढं बस.

७. फोन कुणाच्या हातात आहे ते विसरू नका. नाव समुद्रात आणि फोन घरी, असं सर्रास असतं. बायको किंवा मुलगा अंदाज बघून निरोप देतो. तिथे लोकेशन चालू असलं तर ॲप घराच्या ओटीवरचा वारा इमानेइतबारे सांगणार! म्हणून अंदाजाच्या डोक्यावर ठिकाणाचं नाव ठळक असावं, आणि ते बदलता यावं.

ॲप बनवणाऱ्यांना एक विनंती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या असतात, तांडेल घरी सापडतो, त्याला बोलायला वेळ असतो. त्या दिवसांत कोळीवाड्यात या, तुमची लोकेशनची पाटी त्याच्यासमोर ठेवा आणि तो ‘कशाला?’ म्हणाला की काय सांगणार, ते येतानाच ठरवून या.