डीप रिमची चाकं घेण्याआधी

रोड बाइक घेऊन सहा महिने-वर्ष झालं की नजर चाकांवर जाते. चाळीस-पन्नास मिलिमीटर उंचीची डीप रिमची जोडी सायकलीचं रूपच पालटते. ती अ‍ॅल्युमिनिअमची असली तर कार्बनपेक्षा स्वस्त पडते, ब्रेकही चांगले लागतात आणि धातू म्हणून भरवसाही वाटतो. मोह पडणं स्वाभाविक आहे. पण नागपूरच्या रस्त्यांवर, इथल्या वाऱ्यात आणि इथल्या दुकानांच्या भरवशावर सायकल चालवणाऱ्याने चाक निवडताना रिमची उंची सगळ्यांत शेवटी बघावी, असं माझं अनुभवान्ती मत झालं आहे. आतली रुंदी, टायर, स्पोक आणि ट्यूब हे आधी.

डीप रिमचं सगळं समर्थन हवेच्या विरोधावर उभं आहे, म्हणून हिशेब तिथूनच सुरू करू. हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. तशीच ती वेग कमी झाला की झपाट्याने घटते, आणि चाकाने वाचवलेली शक्तीही तिच्याबरोबर घटते. समजा, एखादी उत्तम आकाराची जोडी ताशी ४० किलोमीटरला १२ वॉट वाचवते. ताशी २५ किलोमीटरला तीच जोडी तीन वॉटही वाचवत नाही. शिवाय हवेला अडवणारा खरा ऐवज म्हणजे स्वार. एकूण विरोधाचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास वाटा त्याच्या अंगाचा असतो. कोपर वाकवून हात खाली धरले तर त्यात जो फरक पडतो, तो फुकटात पडतो.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. नागपूर सपाट आहे, इथे चढ नाहीत, मग हवेशीच झुंज असणार. आणि हळू जाणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो, त्यामुळे त्याची मिनिटं वेगवान स्वाराइतकीच वाचतात. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण ती मिनिटं किती? दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीत, २५ च्या सरासरीने पेडलिंगचे आठ तास धरले, तर तीन वॉटांतून पाच-सहा मिनिटं हाती येतात. ब्रेव्हेची मुदत साडेतेरा तासांची असते. याहून कितीतरी मोठ्या पल्ल्याचंही तसंच: नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. अंतर जवळपास ४,९०० किलोमीटर आणि मुदत बारा दिवसांची. भागाकार करून बघा: मुदतीत पोचायला रात्रंदिवसाची सरासरी ताशी सतरा किलोमीटर पुरते. लांब पल्ल्यात घड्याळ पळतं ते सायकल उभी असताना.

आता रुंदीकडे वळू. माझ्या मते खरी फसगत इथे होते. स्वस्त अ‍ॅल्युमिनिअम डीप रिम बऱ्याचदा जुन्या घडणीच्या असतात: आतून १३ ते १५ मिलिमीटर रुंद, आकार टोकदार ‘व्ही’सारखा. त्या २३ मिलिमीटरच्या टायरसाठी आखल्या गेल्या. आज आपण २८ चे टायर घालतो, आणि सिमेंट रस्त्यांचे सांधे बघता घालायलाच हवेत. चाकांच्या क्षेत्रात जोश पोर्टनर यांच्या नावाने ओळखला जाणारा १०५ टक्क्यांचा ठोकताळा आहे: रिमची बाहेरची रुंदी टायरच्या रुंदीपेक्षा निदान पाच टक्के जास्त हवी, तरच टायरवरून आलेली हवा रिमला धरून वाहते. २८ च्या टायरला हे गणित साडेएकोणतीस मिलिमीटरपर्यंत जातं. बाहेरून २२-२३ मिलिमीटरच्या रिमवर तो टायर फुगून बाहेर येतो, हवा त्याच्या कडेलाच सुटते आणि खालची उंची नुसती वाहून न्यावी लागते. म्हणजे वर धरलेले तीन वॉटही कागदावरच. उलट टायरचा हिशेब बघा. प्रयोगशाळेतल्या ड्रमवर ताशी २९ किलोमीटरला चांगला वेगवान टायर दहा वॉटांच्या आसपास खातो आणि जाड ट्रेनिंग टायर वीसच्या घरात जातो. हा आकडा एका टायरचा. फरकाला दोनने गुणलं की चाकांचा प्रश्न किती गौण आहे ते कळतं.

वजनावरून मात्र मी या चाकांना फार दोष देणार नाही. अ‍ॅल्युमिनिअम कार्बनपेक्षा जड आहे आणि पोकळ रिमची भिंत एका मर्यादेपलीकडे पातळ करता येत नाही, म्हणून पूर्ण धातूची जोडी दोन किलोच्या घरात सहज जाते. उथळ चांगली जोडी दीड-पावणेदोन किलोची असते. फरक अर्धा किलो धरा. वेग घेताना रिमवरचं वजन साधारण दुप्पट जाणवतं हे खरं, पण एकसारख्या चढावर ते अर्धा किलोच राहतं. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो असतील, तर चिखलदऱ्याच्या घाटात तासाभराच्या चढाला वीस-पंचवीस सेकंद जास्त लागतील. त्यासाठी कुणी झोप उडवून घेऊ नये. त्याच घाटाच्या उतारावर रिम ब्रेकच्या सायकलला अ‍ॅल्युमिनिअमचा खरा फायदा मिळतो: स्वस्त कार्बन क्लिंचर सतत ब्रेक दाबल्याने तापून बिघडू शकतात, अ‍ॅल्युमिनिअम ती उष्णता सोसतं. डिस्क ब्रेक असेल तर हाही मुद्दा संपला.

वाऱ्याचं तसं नाही. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला निघताना पानही हलत नसतं. परतीच्या वाटेवर, दहानंतर, पश्चिमेचा गरम वारा सुटतो. बुटीबोरी-जामचा राष्ट्रीय महामार्ग ४४ उत्तर-दक्षिण जाणारा, दोन्हीकडे उघडी वावरं; म्हणजे वारा थेट बाजूने. पुढच्या उंच रिमवर तो हँडल वळवतो, त्यातून ट्रक शेजारून गेला की क्षणभर आडोसा आणि लगेच झोत. टोकदार आकाराच्या रिमवर हा धक्का एकदम येतो. गोलसर, रुंद रिमवर तो सावकाश चढतो. हौसच असेल तर उंच चाक मागे लावावं, पुढे उथळच ठेवावं.

उरला सुट्या भागांचा प्रश्न, आणि तो दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. पन्नास मिलिमीटरच्या रिमला निदान साठची, शक्यतो ऐंशीची प्रेस्टा व्हॉल्व्ह लागते. बाभळीच्या काट्यांच्या या प्रदेशात गावच्या पंक्चरवाल्याकडे तेवढ्या लांब व्हॉल्व्हची ट्यूब मिळणार नाही. एक्स्टेंडर लावला तर तिथून हवा गळू शकते. डीप रिमचे स्पोक आखूड असतात, त्यांची नेमकी लांबी दुकानात असेलच असं नाही. वीस-चोवीस स्पोकांच्या चाकाचा एक तुटला की चाक लगेच आऊट होतं आणि ब्रेकला घासू लागतं. या एका थांब्यात ती पाच-सहा मिनिटं कितीतरी वेळा खर्ची पडतात.

काही जण म्हणतील, आम्हाला ती दिसायला आवडतात. हे कारण मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. त्यासाठी जरूर घ्यावीत, फक्त त्याला वेगाचं नाव देऊ नये. बाकीच्यांसाठी माझा सल्ला असा: उंची २५ ते ३०, आतली रुंदी १९ ते २१, पुढे चोवीस आणि मागे अठ्ठावीस स्पोक, आणि उरलेल्या पैशांत उत्तम टायर. दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: रिमची आतली रुंदी किती, या चाकाचे सुटे स्पोक तुमच्याकडे आहेत का, आणि लांब व्हॉल्व्हची ट्यूब आज मिळेल का. तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.