पाचवं चाक

सुट्टी संपवून कोल्हापूरहून बेळगावला शाळेत परतत होतो. निपाणी सोडली आणि तवंदी घाटात आमच्या गाडीचं मागचं चाक बसलं. बाबांनी सपाट जागा बघून गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. आई लांब उभी राहिली. मी मागे त्रिकोण ठेवला, पुढच्या चाकांना दगड लावले. जॅक लावण्याआधीच नट थोडे सैल केले. चाक उचलल्यावर जोर लावला तर ते नुसतं फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. सगळं शिकवल्याप्रमाणे. मग स्टेपनी काढली, तर ती मऊ!

सुट्टीत हवा तपासायचं काम माझं होतं. सकाळी चाकं थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे चारही चाकांत ३३ पीएसआय भरली होती. (टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही.) पाचवं चाक डिकीत सामानाखाली. ते कोण उपसणार?

एका ट्रकवाल्या काकांनी बाबांना स्टेपनीसकट निपाणीला नेलं. शाळेत दोन तास उशिरा पोहोचलो. बाबांनी कारण लिहिलं, 'पंक्चर'. हाउसमास्तर सरांना मी स्टेपनीचंही सांगितलं.

आता महिन्यातून एकदा बाबा फोनवर हवेचे आकडे सांगतात. पाच.