फोल्डर उघडणार कोण?

उबंटूबरोबर नॉटिलस हा फाइल मॅनेजर येतो. आपल्याला हलकाफुलका थुनार आवडला म्हणून आपण तो इन्स्टॉल करतो. मेनूतून तो झकास उघडतो. पण फायरफॉक्समध्ये डाउनलोड केलेल्या फाइलचं फोल्डर उघडायला सांगितलं, की पुन्हा नॉटिलस हजर! असं का होतं ते पाहू.

ग्नोम, केडीई, एक्सएफसीई असे लिनक्सचे डेस्कटॉप अनेक. त्यांच्यात काही समान नियम असावेत म्हणून २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या नियमानुसार प्रत्येक प्रकारच्या फाइलला एक 'माइम टाइप' असतो. फोल्डरलाही असतो! त्याचं नाव 'आयनोड/डिरेक्टरी'. होय, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात भेटतो तोच आयनोड.

म्हणजे डिफॉल्ट फाइल मॅनेजर ठरवणं म्हणजे या माइम टाइपपुढे एका प्रोग्रामचं नाव लिहिणं, बस्स. हे नाव आपल्या होम डिरेक्टरीतल्या 'डॉट कॉन्फिग' फोल्डरमध्ये 'माइमॲप्स डॉट लिस्ट' या फाइलीत राहतं. ती हाताने बदलता येते, किंवा टर्मिनलवर पुढचे टप्पे करा :

१. सध्या कोण आहे ते विचारा : 'एक्सडीजी-माइम क्वेरी डिफॉल्ट आयनोड/डिरेक्टरी'.

२. 'यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स' मध्ये जाऊन आपल्या फाइल मॅनेजरच्या 'डॉट डेस्कटॉप' फाइलचं नेमकं नाव बघा. इथे अंदाज चालत नाही. नॉटिलसची फाइल 'ऑर्ग डॉट ग्नोम' ने सुरू होते, डॉल्फिनची 'ऑर्ग डॉट केडीई' ने.

३. मग नेमा : 'एक्सडीजी-माइम डिफॉल्ट थुनार डॉट डेस्कटॉप आयनोड/डिरेक्टरी'.

कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यायची. आणि सुडो लावू नका! सुडोने ही नोंद रूटच्या खात्यात जाईल, तुमच्या नाही. याचाच फायदा असा, की लॅबमधल्या मशीनचा ॲडमिन पासवर्ड नसला तरी तुम्ही स्वतःपुरतं हे बदलू शकता, आणि शेजारच्याचं काही बिघडत नाही.

एवढं करूनही ब्राउझर ऐकत नसेल तर? इथे खरी गंमत आहे. 'फोल्डर उघड' आणि 'फोल्डर उघडून त्यातली ही फाइल निवडून दाखव' या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. दुसरी विनंती डी-बसवरून 'फाइलमॅनेजर१' या नावाला जाते आणि माइमॲप्सची यादी तिथे बघितलीच जात नाही. ज्या फाइल मॅनेजरने चालू होऊन ते नाव आधी घेतलं, तोच उत्तर देतो. कोणीच चालू नसेल तर 'यूएसआर/शेअर/डीबस-१/सर्व्हिसेस' मधल्या फाइलींवरून कोणाला उठवायचं ते ठरतं. त्यातली आपल्या फाइल मॅनेजरची, हे नाव असलेली फाइल होममधल्या 'डॉट लोकल/शेअर/डीबस-१/सर्व्हिसेस' मध्ये कॉपी करा आणि लॉगआउट करून परत या. होममधल्या फाइलीला आधी मान मिळतो.

कधी एखादा कोड एडिटर टाकल्यावर फोल्डर एकदम त्यातच उघडू लागतात. व्हायरस वगैरे काही नसतो. 'फोल्डर मीही उघडतो' असं त्या एडिटरच्या डेस्कटॉप फाइलीत लिहिलेलं असतं आणि तुम्ही कोणाला नेमलेलं नसतं. वरचा तिसरा टप्पा केला की प्रश्न मिटला.

थोडक्यात काय, तर लिनक्स हट्टी नाही. आपण कोणाला सांगितलं आणि विचारणारा कोणाला विचारतोय, एवढं जुळवलं की झालं. आता लॅबमध्ये बसाल तेव्हा पहिला टप्पा करून बघाच!