डब्यातला खाऊ आणि पाकिटातली गोळी

मधुमेह कळला की दोन वेळच्या जेवणाची घडी लवकर बसते. भात अर्धी वाटी, पोळ्या दोन, आधी कोशिंबीर आणि मग बाकीचं. घरातल्यांनाही ते पाठ होऊन जातं. खरी परीक्षा दुपारी चारनंतर असते. डबा जिरलेला असतो, रात्रीचं जेवण लांब असतं, ऑफिसात चहा फिरत असतो आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचे सामोसे आलेले असतात. माझी साखर याच मधल्या वेळेत बिघडत होती. जेवणानंतरचे आकडे बरे असायचे, पण एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, काही केल्या आठच्या खाली उतरत नव्हतं.

चहाबरोबर मी काय खात होते? चार मारी बिस्किटं. गोड नाहीत, तळलेली नाहीत, आजारी माणसालाही देतात. पाकिटामागचा तक्ता मात्र वेगळंच सांगतो. १०० ग्रॅम मारीत कार्बोहायड्रेट ७५ ग्रॅमच्या आसपास असतं. त्यातली साखर थोडी, बाकी सगळा मैदा. पोटात गेल्यावर त्याचंही ग्लुकोजच होतं. 'शुगर फ्री' लिहिलेली बिस्किटं आणली तरी फार फरक पडत नाही. तसं छापायला १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसली की झालं, पिठाचा हिशेब कुणी विचारत नाही. म्हणून पाकीट हातात घेतलं की साखरेची ओळ सोडा आणि 'एकूण कार्बोहायड्रेट' ही ओळ वाचा. मग घटकांची यादी बघा. जो जिन्नस वजनाने सर्वांत जास्त तो पहिला लिहितात. यादी मैद्याने किंवा माल्टोडेक्स्ट्रिनने सुरू होत असेल, तर पुढच्या नाचणी-ओट्सच्या चित्रावर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात जास्त चकवलं ते मखाण्यांनी. हलके, पांढरेशुभ्र, महाग, म्हणजे आरोग्याला चांगलेच असणार, असा आपला एक समज असतो. ३० ग्रॅम मखाण्यांत कार्बोहायड्रेट सुमारे २३ ग्रॅम असतं. तेवढ्याच वजनाच्या चुरमुऱ्यांत ते २६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सांगलीकडचं भडंग आणि हे उच्चभ्रू मखाणे तसे शेजारीच. मखाणे वाईट आहेत असं नाही, ओंजळभर खाल्ले तर चालतात. पण टीव्हीसमोर मोठा वाडगा घेऊन 'मी डाएटवर आहे' म्हणू नये. ओव्हनमध्ये भाजलेला पोह्यांचा चिवडा घ्या, त्यातलं तेल कमी झालं, पोहे तेवढेच राहिले. गूळ घातलेला राजगिऱ्याचा लाडू तर साखरेचाच भाऊ आहे. गुळात लोह असतं हे खरं, पण ग्लुकोमीटरला त्याचं काही कौतुक नाही.

मग डब्यात काय भरायचं? ३० ग्रॅम शेंगदाण्यांत कार्बोहायड्रेट पाच-सहा ग्रॅम असतं, त्यातही थोडा चोथा. प्रथिनं सात ग्रॅमच्या पुढे, त्यामुळे भूक दीड-दोन तास गप्प बसते. मात्र कॅलरी १७० च्या घरात जातात, म्हणून मूठ एकच, आणि ती घरून मोजून नेलेली. पिशवीतून खाल्ले की मूठ कधी संपतच नाही. सालीसकट फुटाण्यांत कार्बोहायड्रेट जास्त, ३० ग्रॅममध्ये १७-१८ ग्रॅम, पण ते सावकाश चढतं. उकडलेल्या अंड्यात जवळपास नसतंच. ऑफिसात अंडं सोलायची लाज वाटत असेल तर घरूनच सोलून न्या. बदाम, अक्रोड, ओल्या खोबऱ्याच्या दोन काचऱ्या, पनीरचे मिरपूड लावलेले तुकडे, वाटीभर मोडाची मटकी, पातळ ताक हे आलटून पालटून. सुकट खाणाऱ्यांनी ती कोरडी भाजून लिंबू पिळून घ्यावी, फक्त रक्तदाब असेल तर मिठाचं भान ठेवावं.

माझा स्वतःचा कल खमंग काकडीकडे. काकडी चोचवून हातानेच दाबायची, पाणी प्यायचं, फेकायचं नाही. वर भरड दाण्याचं कूट, लिंबू, ओलं खोबरं, आणि तुपात जिरं-मिरचीची फोडणी. मीठ खायच्या वेळी घालायचं, नाहीतर चारपर्यंत डब्यात तळं होतं. साखरेची चिमूट घालायची आपल्याकडची सवय मात्र सोडावी लागली. पहिल्यांदा ओकंबोकं लागतं, मग जीभ सरावते.

इथवर सगळं ठीक होतं. आता जे सांगायचं आहे ते कुठल्याही आहाराच्या तक्त्यात मला सापडलं नव्हतं.

मी सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी घेत होते. बिस्किटं सुटून काकडी आणि दाणे सुरू झाले, दुपारच्या डब्यातली एक पोळीही आपसूक कमी झाली. एका संध्याकाळी डोंबिवलीच्या लोकलमध्ये, घाटकोपर गेल्यावर हात थरथरायला लागले. डब्यात गर्दी होती, उकडत होतं, त्यामुळे घाम आला तरी कुणाला नवल वाटलं नाही, मलाही नाही. मग समोरच्या बाईंच्या हातातल्या मेथीच्या एका जुडीच्या मला दोन जुड्या दिसायला लागल्या. पर्समधलं मीटर शेजारच्या मुलीने काढून दिलं. आकडा ५८. एकीने शेंगदाण्याची चिक्की पुढे केली, दुसरीने चॉकलेट. तिसऱ्या एका अनुभवी काकूंनी दोन्ही हात बाजूला सारले आणि आंब्याच्या सरबताचा छोटा डबा माझ्या तोंडाला लावला. बरोबर होतं ते. चिक्की आणि चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, आणि अशा वेळी वेळच हातात नसतो.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "खाणं बदललंत, मग गोळी का नाही बदलली?" ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात, समोर खाणं असो वा नसो. माझ्या गोळीचं माप जुन्या ताटाला बेतलेलं होतं. ताट हलकं झालं, गोळी होती तेवढीच राहिली. त्यांनी ग्लिमेपिराइड निम्म्यावर आणलं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांची साखर अशी सहसा घसरत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र हा धोका आहेच. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल, तर कार्बोहायड्रेट एकदम तोडणं आणखी वेगळ्या कारणाने जोखमीचं. रक्तात कीटोनची आम्लं साचू शकतात, तीही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. तेव्हा बिस्किटाचा पुडा टाकण्याआधी गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि नवा खाऊ कोणता ते सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दाणे, पनीर आणि सुका मेवा किती, हेही तिथेच विचारा.

साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या, नाहीतर पाण्यात तीन-चार चहाचे चमचे साखर, किंवा अर्धा पेला सरबत. १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर जेवण लांब असेल तर काहीतरी पोटभरीचं खायचं. जेवणाबरोबर अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेत असाल तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, त्या गोळ्या तिचं पचनच रोखतात. तुमच्याकडे ग्लुकोजच हवं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. ही माहिती तुमच्याइतकीच शेजारी बसणारीलाही हवी. आमच्या डब्यातल्या ग्रुपला आता माझ्या पर्सचा कुठला कप्पा उघडायचा ते माहीत आहे.

कुठला खाऊ आपल्याला मानवतो हे दुसऱ्याच्या यादीवरून ठरत नाही. खाण्याआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा तपासा, त्या वेळी चहाबरोबर दुसरं काही घेऊ नका. मीटरच्या पट्ट्या स्वस्त नसतात, म्हणून रोज नको. नवा पदार्थ आला की तेवढ्यापुरतं. मला फुटाणे सोसतात, माझ्या बहिणीला तेवढेच फुटाणे चढतात.

उपासाचं सांगायचं राहिलं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, वरीही धान्यच. संकष्टीला मी दाण्याची आमटी आणि खमंग काकडी घेते, सोबत दही. पण चंद्रोदय कधी साडेआठला, कधी दहाला, आणि सकाळची गोळी दिवसभर आपलं काम करत असते. म्हणून महिन्याच्या तपासणीला जाताना कॅलेंडर बरोबर नेते. उपासाच्या दिवशी कुठली गोळी किती आणि कुठली नाही, ते डॉक्टर त्यावरच लिहून देतात.